डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

"पाच जण आहोत. सहा माईक लागतील. बाकी तिथं आल्यावर बघू."

बॉस, आमच्या बँडचा सगळा टेक्निकल कारभार तेव्हा एवढाच होता. एका मेसेजमध्ये मावणारा. मेसेज पाठवला, दोन निळ्या टिका आल्या आणि मी पुन्हा ऑफिसच्या कामाला लागलो. गंमत बघा. आम्ही पाचही जण ऑफिसात असे, की दोन ओळींचा कोड बदलायचा तरी आधी डॉक्युमेंट, मग रिव्ह्यू, मग साइन-ऑफ. आणि ज्या गोष्टीसाठी शनिवारची झोप सोडतो, तिच्यासाठी काय? तर 'बघू'!

या 'बघू'ची किंमत मला कळली ती पिंगळीत. आणि ती मी नाही भरली, माझ्या मामांनी भरली. म्हणून या आठवड्यात हॉटेल नाही, ट्रेक नाही, नवं गॅजेट नाही. या आठवडी विषय आहे एक कागद. त्याला म्हणतात स्टेज प्लॉट. तुमचा बँड असेल, ऑफिसच्या अॅन्युअल डेला तुम्ही गात असाल, सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा उभा करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर पुढचं नीट वाचा. नसेल तरी वाचा, कारण मामा सगळ्यांनाच असतात.

जगात जर्मनी, भारतात परभणी

पिंगळी म्हणजे परभणीच्या शेजारचं स्टेशन. पूर्णेहून परभणीकडे यायला लागलं की आधी मिरखेल, मग पिंगळी, मग परभणी. लहानपणी मे महिन्याची सुट्टी इथंच जायची. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य पुण्यातल्या मित्रांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते हसले होते. आम्ही परभणीकर ते हसण्यासाठी म्हणत नाही.

मामा मृदंग वाजवतात. पन्नासएक वर्षं झाली. कुठल्याही क्लासचं सर्टिफिकेट नाही, सीडी नाही, यूट्यूबवर चॅनेल नाही. पण गावात सप्ताह बसला की काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत मृदंग त्यांच्याच गळ्यात. मी कीबोर्ड वाजवतो याचं त्यांना भारी कौतुक. तीन वर्षांपूर्वी हनुमान जयंतीच्या सप्ताहाला त्यांचा फोन आला.

"बाळा, सातव्या दिशी संध्याकाळी तुमची मंडळी घेऊन ये. हरिपाठ झाला की सात ते आठ तुमचे अभंग. मी वाजवतो तुमच्यासंगं. आठाला कीर्तन उभं राहतंय, दहाला स्पीकर बंद करावा लागतो."

(स्पीकरचं हे घड्याळ तुम्हालाही माहीत असेल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवसांची सूट सोडली तर नियम सगळीकडे सारखा, मग तो रॉक शो असो नाहीतर कीर्तन.)

मी म्हटलं, "मामा, मी तुमच्या शेजारीच बसतो. म्हणजे मला तुमचा हात दिसेल."

"तेच म्हणतोय मी. देवळाच्या बाजूला बसू दोघंबी."

ठरलं. आम्हा दोघांचं एकमत झालं होतं, हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

दोन डावीकडे

माईकवाल्या दादांना मी वरचा मेसेज पाठवला आणि खाली एक ओळ जोडली, 'कीबोर्ड डावीकडे.' मी मनातल्या मनात स्टेजवर बसलो होतो. समोर माणसं, माझ्या डाव्या हाताला देऊळ.

मामांनी त्यांच्या पद्धतीनं निरोप दिला. मंडपात, स्टेजच्या खाली उभं राहून, स्टेजकडे तोंड करून. त्यांच्या मनात होतं देऊळ, पण तोंडातून निघालं, "मृदंग डाव्या हाताला मांडा." दादांनी विचारलं, "डाव्याच ना?" मामा गडबडीत होते, पंगतीला माणसं बसत होती. म्हणाले, "व्हय व्हय, डाव्या."

झालं! एक डावं स्टेजवरून बघणाऱ्याचं, दुसरं स्टेजकडे बघणाऱ्याचं. तीस फुटांच्या स्टेजच्या एका टोकाला माझा कीबोर्ड, दुसऱ्या टोकाला मामांचा मृदंग. आणि शेजारी बसायचं तर दोघांनीही ठरवलेलं!

आमची गाडी लेट. परभणी स्टेशनवर उतरून, रिक्षात वाद्यं कोंबून आम्ही पिंगळीत पोचलो तेव्हा सहा चाळीस झाले होते. वायरी टाकून, चिकटपट्ट्या लावून झालेल्या. मंडपात माणसं बसलेली. आता मांडणी बदलायची म्हणजे अर्धा तास, आणि आठला कीर्तन. मी म्हटलं, "असू द्या, होईल."

आणखी एक गोष्ट. दादांनी दोन मॉनिटर आणले होते. मॉनिटर म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, वाजवणाऱ्याला स्वतःचं आणि बाकीच्यांचं ऐकू यावं म्हणून. दोन कुणाला द्यायचे हे मी कळवलंच नव्हतं. त्यांनी साध्या विचारानं एक गायिकेपुढे ठेवला, दुसरा गिटारवाल्यापुढे. मामांपुढे काहीच नाही.

पहिला अभंग संथ, तो पार पडला. दुसराही कसाबसा गेला. तिसरा जनाबाईंचा. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे तो सुरू झाल्याबरोबर मंडपातून टाळ्या सुरू झाल्या. शेवटी आम्ही लय वाढवली. आणि मृदंग मागं राहायला लागला. मी घाई करतोय म्हणून मी थोडा थांबलो, तर मामा आणखी मागं. कहॉनवाला माझ्याकडे बघतोय, गायिका त्याच्याकडे बघतेय, टाळकऱ्यांना कळेना की कुणाला धरायचं. शेवटच्या आवर्तनात मामांनी हात थांबवला. मृदंगाला हात लावून कपाळाला लावला. पट्टा गळ्यातून काढला आणि मृदंग हळूच गवसणीत घातला.

चौथा अभंग आम्ही मृदंगाशिवायच म्हटला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या माईकशेजारी असूनही मला स्पष्ट ऐकू आलं, "थकलं आता म्हातारं. हात मंदावला."

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. मामा टाळकऱ्यांत उभे. मृदंग त्यांच्याकडेच शिकलेल्या एका पोराच्या गळ्यात. मामीनं विचारलं तर एवढंच म्हणाले, "हात ऱ्हायला न्हाई आता."

वायरी गुंडाळताना

खरं काय झालं हे मला सांगितलं माईकवाल्या दादांनी. काला झाला, प्रसाद झाला, ते वायरी गुंडाळत होते.

"सर, एक सांगू का? बाबांचा हात कुठंच चुकला न्हवता. त्यांना तुमची पेटी स्टेजवर ऐकूच येत नव्हती. ती त्या मागच्या भोंग्यातून माघारी येत होती. त्या आवाजावर वाजवायलेत ते. आधी एक कागद पाठवला असता तर बाबांपुढं मॉनिटर ठेवला असता ना मी. माझ्याकडं गाडीत तिसरा होता!"

तिसरा होता. गाडीत.

परतीच्या गाडीत मी मोबाईलवर हिशेब केला. तुम्हीही करून बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला एक मिलिसेकंदाच्या जरा आत. मंडपाच्या टोकाचा भोंगा स्टेजपासून शंभरएक फुटांवर. तिथून निघालेला माझा कीबोर्ड मामांच्या कानात पोचायला सुमारे ९० मिलिसेकंद उशीर. तुम्ही म्हणाल, सेकंदाचा दहावा भागसुद्धा नाही, त्यात काय एवढं? पण द्रुत लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा १२५ चा. म्हणजे मामांना सगळं जवळजवळ पाव मात्रा उशिरा ऐकू येत होतं. त्याला इमानदारीनं साथ केली की हात मागंच राहणार. मी त्यांच्यासाठी थांबलो, माझा थांबलेला आवाज त्यांच्याकडे पुन्हा उशिरा पोचला, ते आणखी मागं गेले. ज्याचा कान पक्का तोच यात आधी फसतो. ढ माणूस आपल्याच नादात वाजवत राहिला असता!

मग कीर्तनात असं कधीच का होत नाही? कारण तिथं प्रत्येक वाद्य आपला आवाज आपल्याबरोबर घेऊन येतं. टाळ हातात वाजतो, मृदंग गळ्यात वाजतो. माईक बंद पडला तरी कीर्तन चालू राहतं. पं. भीमसेन जोशींच्या अभंगांना माऊली टाकळकर टाळाची साथ करायचे. माणूस एक, टाळांची जोडी एक, पण सगळ्या वाद्यांतून ती वेगळी कानावर यायची. माझा कीबोर्ड मात्र मुका. त्याचा आवाज वायरीतून थेट मिक्सरला जातो, तिथून समोरच्या स्पीकरला, म्हणजे लोकांकडे. स्टेजवर आवाज नावालाही नाही. गिटार आणि बेस वायरीनं जोडले की त्यांचीही कमीअधिक हीच तऱ्हा. मुकं वाद्य स्टेजवर आणायचं तर त्याला कुणी, कुठून ऐकायचं हे आधी ठरवावं लागतं. ते कागदावर लिहिणं म्हणजे स्टेज प्लॉट.

चॉकलेटचा फंडा

मोठे बँड हा कागद किती गंभीरपणे घेतात याची एक फेमस गोष्ट आहे. व्हॅन हेलन हा अमेरिकन रॉक बँड. त्यांच्या १९८२ च्या दौऱ्याच्या करारात एक अट होती. खोलीत एम अँड एम्सच्या रंगीत गोळ्या ठेवायच्या, पण त्यात तपकिरी एकही नको. सगळ्यांना वाटलं, काय हे नखरे! त्यांचा गायक डेव्हिड ली रॉथ यानं १९९७ च्या आत्मचरित्रात खुलासा केला. करार जाडजूड, त्यात स्टेजला किती वजन पेलायला हवं, वीज किती लागेल अशा ढीगभर टेक्निकल गोष्टी. वाटीत तपकिरी गोळी दिसली की समजायचं, यांनी कागद वाचलेला नाही. मग सगळं स्टेज पुन्हा तपासायचं.

आम्हाला गोळ्या नकोत. पण कागद तरी असायला हवा होता की नाही?

फिरोदियाला कॉलेजकडून लाइव्ह म्युझिक केलेल्यांना हे आठवत असेल. सेट लावायला मोजकी मिनिटं आणि विंगेत वीस पोरं. तेव्हा आपण प्रत्येकाची जागा खडूनं आखून ठेवायचो. नोकरीला लागल्यावर खडू कुठं गेला?

चिंचोके

मामांना फोनवर सगळं समजावलं. म्हटलं, "तुमचा हात बरोबर होता, चूक माझी होती." ते हसले. "उगं समजूत काढू नको लेका."

म्हणून दिवाळीला पिंगळीला गेलो. ओट्यावर बसलो. मिलिसेकंदाचं आख्यान पुन्हा सुरू केलं, तर मामांनी मध्येच तोडलं.

"थांब. गंगेला गेल्यावर पल्याडच्या काठाला बाया धुणं धुतात. धोपाटणं खाली आलेलं दिसतं आन् आवाज मागून येतो. तसं म्हणायलास का तू?"

(आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी. गंगाखेडचं 'गंगा' तेच.)

"तसंच मामा! फक्त अंतर कमी."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी मी धोपाटणं सोडून आवाजाच्या मागं लागलो." आणि आत जाऊन मूठभर चिंचोके घेऊन आले.

मग त्यांनी ओट्यावर कीर्तन मांडलं. मधला पुढचा चिंचोका कीर्तनकार बुवा. त्यांच्या मागं टाळकऱ्यांच्या दोन ओळी, जरा कमानीसारख्या. विणेकरी उभा, वीणा जमिनीला टेकवायची नाही, पहारा बदलला की या गळ्यातून त्या गळ्यात. मृदंग बुवांच्या हाताशी, एका पावलावर. "बुवांनी मान वळवली की माझं तोंड दिसलं पाहिजे. बुवा चाल कधी सोडणार, कधी धरणार, ते तोंडावर दिसतं, माईकात न्हाई दिसत." पेटीवाला मृदंगाच्या जवळ. समोर माणसं.

मी बघत राहिलो. हा तर स्टेज प्लॉटच होता! वरून बघितलेला, प्रत्येकाची जागा ठरलेली, कुणाला कोण दिसायला हवं हे ठरलेलं. कुणी कधी कागदावर काढला नाही, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. पिंगळीतला टाळकरी उठून आळंदीला गेला तरी त्याला कुठं उभं राहायचं हे विचारावं लागत नाही. शास्त्रीय मैफलीचंही तेच. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. तिथं गायक बदलतात, पण मागं तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी ही मांडणी श्रोत्यांनासुद्धा पाठ. आमच्या बँडची मांडणी मात्र जगात कुणालाच पाठ नाही. कधी चार जण, कधी सहा. कधी कहॉन, कधी ड्रम. म्हणून आम्हाला कागद लागतो.

"आता तुमची मुकी पेटी कुठं मांडायची, बोल," मामा म्हणाले.

मी चिंचोका त्यांच्या चिंचोक्याला टेकवून ठेवला. म्हटलं, "इथं, डावी..."

"डावीकडं म्हणायचं न्हाई," मामांनी बोट वर केलं. "देवळाकडं म्हण. देऊळ काही फिरत न्हाई."

आता वही काढा

रंगभूमीवाल्यांचा नियम साधा आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या कलाकाराचं डावं ते स्टेजचं डावं. पण हा नियम सगळ्यांना माहीत असेल यावर विसंबू नका. आमच्या कागदावर आता काय काय असतं ते सांगतो. ढापा बिनधास्त.

१) एकच पान. बँडचं नाव, तारीख आणि एकाच माणसाचा फोन नंबर. पाच जणांनी पाच सूचना द्यायच्या नाहीत. बदल केला की तारीख बदलायची, म्हणजे जुना कागद ओळखू येतो.

२) चित्र वरून काढायचं, पक्ष्याला दिसेल तसं. खालच्या कडेला ठळक अक्षरात 'प्रेक्षक इथे'. बाजूंना खुणा: देऊळ, रस्ता, जिना, पार्किंग. हलणार नाही असं काहीही. हॉटेलच्या लॉनवर आम्ही 'किचनकडे' असंही लिहिलंय.

३) प्रत्येक चौकोनात माणूस, वाद्य आणि तो गातो की नाही. उभा की बसलेला हेही. बसणाऱ्याला उंच स्टँड देऊन उपयोग नाही.

४) चॅनेलची यादी, नंबर घालून. आम्ही 'सहा माईक' म्हटलं होतं. नीट मोजलं तेव्हा मुख्य गायिका १, कोरस २, गिटार १, बेस १, कीबोर्ड २, कहॉन १, मृदंगाची शाई आणि धूम मिळून २, टाळकऱ्यांसाठी १ आणि निवेदनाचा १. किती झाले? १२! बारा चॅनेलचा मिक्सर बरोब्बर भरला. तेराव्याला जागा नाही, हे घरी बसून कळलेलं बरं.

५) वायरीनं जोडायच्या वाद्यांपुढे 'डीआय बॉक्स' लिहायचं. हा छोटा डबा वाद्याचा सिग्नल लांब वायरीतून न्यायच्या लायकीचा करतो, नाहीतर घरघर ऐकत बसा. काही माईकना मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तसे असतील तर तेही लिहा.

६) मॉनिटर किती, कुणापुढे आणि त्यात कुणाचा आवाज. 'मॉनिटर ३: मृदंगापुढे. आत कीबोर्ड जास्त, गायिका थोडी.' आमच्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

७) विजेचे पॉइंट कुठे हवेत, किती हवेत. कीबोर्डचा अॅडॉप्टर हाताशी पोचत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

८) काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये वाचता आलं पाहिजे. रंगीत बाण, गोड आयकॉन सगळे विसरा. मंडपात पिवळा बल्ब असतो आणि माईकवाल्यांच्या हाताला घाम असतो.

एक आठवडा आधी पाठवा. मग फोन करून विचारा, "यात काही अडचण?" हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस तुम्हाला हमखास काहीतरी शिकवतो. आमच्या दादांनी शिकवलं की टाळकऱ्यांना जवळचा माईक नको, जरा वरून एकच पुरे. टाळ स्वतःचं बघून घेतो.

दुसरं वर्ष

पुढच्या हनुमान जयंतीला आम्ही आदल्या रात्रीच निघालो. कागद आठ दिवस आधी गेला होता. पोचलो तेव्हा दादांनी त्याची झेरॉक्स मिक्सरशेजारी चिकटवली होती. देवळाच्या बाजूला मृदंगाची जागा, तिथून हातभर अंतरावर माझा कीबोर्ड. मामांपुढे तिसरा मॉनिटर.

दुपारी चारला ऊन नुसतं भाजत होतं, मंडपात आम्ही आणि दोन कुत्री. मामा आले, धुमेची कणीक अंगठ्यानं दाबून बघितली, मृदंगावर थाप दिली. मी एक सूर धरला. त्यांनी मान वाकडी करून मॉनिटरकडे कान नेला.

"येतंय," म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी काही चमत्कार वगैरे झाला नाही. गिटारची एक तार तुटली, दुसऱ्या अभंगात मी एक कडवं विसरलो. पण जनाबाईंच्या अभंगाला शेवटी लय चढली तेव्हा ती मी नाही, मामांनी चढवली. मी नुसता त्यांच्या हाताकडे बघत मागं पळत होतो. पुढच्या रांगेतलं कुणी काही म्हणालं असेल तर मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात मृदंग मामांच्याच गळ्यात होता.

निघताना मी मिक्सरशेजारचा कागद शोधला, आठवण म्हणून न्यावा म्हटलं. तो तिथं नव्हता. दादा म्हणाले, बाबांनी नेला. घरी जाऊन बघतो तर चार घड्या घालून मृदंगाच्या गवसणीत.

"मामा, तो कशाला ठेवलाय? तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"मला पाठ हाय," मामा म्हणाले. "पण तुझं काही सांगता येत न्हाई. पुढच्या वर्षी पुन्हा 'बघू' म्हणशील."

तर मंडळी, पुढचा कार्यक्रम कधी आहे? आज रात्री एक कागद घ्या, खालच्या कडेला 'प्रेक्षक इथे' लिहा आणि सुरुवात करा. आणि 'डावीकडे' लिहिण्याआधी एकदा देऊळ कुठं आहे ते बघा!